डेल अर्नहार्ट

राल्फ डेल अर्नहार्ट (२९ एप्रिल, १९५१ : कॅनापोलिस, नॉर्थ कॅरोलिना, अमेरिका – १८ फेब्रुवारी, २००१ : डेटोना बीच, फ्लोरिडा, अमेरिका) हे अमेरिकन स्टॉक कार शर्यतपटू होते. नॅसकार या संस्थेच्या सर्वोच्च मालिकेत, म्हणजे तत्कालीन विन्स्टन कपमध्ये, त्यांनी ७६ शर्यती आणि ७ वार्षिक विजेतेपदे जिंकली. आक्रमक शैलीमुळे त्यांना ‘द इंटिमिडेटर’, म्हणजे धाक बसविणारा, असे टोपणनाव मिळाले. पांढऱ्या ३ आकड्याची त्यांची काळी शेव्हरोले मोटार ही या खेळाची सर्वाधिक ओळखली जाणारी खूण ठरली. २००१ च्या डेटोना ५०० शर्यतीच्या अखेरच्या फेरीत झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर चाहत्यांनी पाळलेला शोक आणि नॅसकारने केलेल्या सुरक्षाविषयक सुधारणा यांमुळे ही घटना अमेरिकन मोटार शर्यतींच्या इतिहासातील एक महत्त्वाची घटना मानली जाते.

प्रारंभिक जीवन

अर्नहार्ट यांचा जन्म कॅनापोलिस या कापड गिरण्यांच्या गावी झाला. टॉवेल व चादरी बनविणारी कॅनन मिल्स ही गिरणी हाच या गावाचा मुख्य आधार होता. त्यांचे वडील राल्फ अर्नहार्ट हे दक्षिणेकडील छोट्या ट्रॅकवर शर्यती करून उपजीविका करणारे नावाजलेले चालक होते. १९५६ साली त्यांनी नॅसकारच्या स्पोर्ट्समन गटाचे विजेतेपद मिळविले होते. घरामागील गॅरेजमध्ये वडिलांच्या हाताखाली डेल मोटारींची कामे शिकले.

शर्यतीच्या ओढीने त्यांनी नववीतच शाळा सोडली. वडिलांना हा निर्णय मान्य नव्हता. १९७३ मध्ये राल्फ यांचे वयाच्या ४५ व्या वर्षी हृदयविकाराने निधन झाले. पुढील काही वर्षे डेल यांनी मिळेल ते काम करत आणि उसनवारी करत शर्यती चालू ठेवल्या. १९७५ मध्ये शार्लट येथील वर्ल्ड ६०० शर्यतीत त्यांनी सर्वोच्च मालिकेत पदार्पण केले व त्यात ते २२ वे आले.

अर्नहार्ट यांचे तीन विवाह झाले व त्यांना चार अपत्ये होती. त्यांपैकी डेल अर्नहार्ट ज्युनियर हे पुढे स्वतः नामवंत चालक झाले. त्यांच्या मोटारीचा ८ हा क्रमांक आजोबा राल्फ यांच्या मोटारीवरही होता.

स्टॉक कार शर्यतींचे स्वरूप

स्टॉक कार ही बाहेरून बाजारात मिळणाऱ्या मोटारीसारखी दिसते, मात्र तिचा सांगाडा आणि इंजिन शर्यतीसाठी खास तयार केलेले असते. बहुतांश शर्यती लंबवर्तुळाकार ट्रॅकवर होतात. डेटोना येथील ट्रॅक २.५ मैलांचा, म्हणजे सुमारे ४ किलोमीटरचा असून त्याची वळणे ३१ अंशांनी कललेली आहेत. येथील डेटोना ५०० ही २०० फेऱ्यांची शर्यत मालिकेतील सर्वांत प्रतिष्ठेची मानली जाते.

मोठ्या ट्रॅकवर एका मोटारीच्या अगदी मागे दुसरी मोटार राहिली तर हवेचा विरोध कमी होऊन दोघींचाही वेग वाढतो. त्यामुळे कोणाच्या मागे लागायचे आणि कोणाला केव्हा सोडायचे हे ठरविणे महत्त्वाचे ठरते. या कौशल्यात अर्नहार्ट यांचा हातखंडा होता. त्यांना हवा डोळ्यांना दिसते, असे त्यांचे सहकारी व प्रतिस्पर्धी म्हणत. टॅलाडेगा येथे त्यांनी सर्वोच्च मालिकेतील १० शर्यती जिंकल्या.

कारकीर्द

१९७९ मध्ये रॉड ऑस्टरलंड यांच्या संघाकडून अर्नहार्ट प्रथमच संपूर्ण हंगाम खेळले. १ एप्रिल रोजी ब्रिस्टल येथे त्यांनी पहिला विजय मिळविला आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट नवोदित चालकाचा पुरस्कारही पटकावला. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, ते मालिकेचे विजेते झाले. लागोपाठच्या दोन वर्षांत हे दोन्ही सन्मान मिळविणारे ते पहिले चालक होते.

१९८१ च्या हंगामात संघाची मालकी बदलल्यावर ते रिचर्ड चिल्ड्रेस यांच्याकडे आले. चिल्ड्रेस स्वतः ३ क्रमांकाची मोटार चालवत असत. अर्नहार्ट यांना संधी देण्यासाठी त्यांनी चालकाची जागा सोडली. १९८२ व १९८३ ही दोन वर्षे बड मूर यांच्या संघात घालवून अर्नहार्ट १९८४ मध्ये चिल्ड्रेस यांच्याकडे परतले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. या जोडीने १९८६, १९८७, १९९०, १९९१, १९९३ आणि १९९४ अशी सहा विजेतेपदे मिळविली. सातव्या विजेतेपदासह अर्नहार्ट यांनी रिचर्ड पेटी यांच्या विक्रमाची बरोबरी केली. २०१६ मध्ये जिमी जॉन्सन हेही या विक्रमात सहभागी झाले.

१९८७ च्या हंगामात त्यांनी ११ शर्यती जिंकल्या. त्याच वर्षी शार्लट येथील ‘द विन्स्टन’ या विशेष शर्यतीत बिल एलियट यांच्याशी झालेल्या झटापटीत त्यांची मोटार ट्रॅक सोडून गवतात गेली. तरीही त्यांनी ताबा सुटू दिला नाही आणि ते पुन्हा ट्रॅकवर आले. हा प्रसंग ‘पास इन द ग्रास’ म्हणून प्रसिद्ध आहे. प्रत्यक्षात त्यांनी तेथे कोणालाही मागे टाकले नव्हते, तर स्वतःची आघाडी टिकविली होती. १९८८ मध्ये प्रायोजक बदलल्यावर मोटारीचा निळा-पिवळा रंग जाऊन काळा रंग आला.

१९९६ मध्ये टॅलाडेगा येथील अपघातात त्यांच्या गळपट्टीचे आणि छातीचे हाड मोडले. पुढच्या आठवड्यात इंडियानापोलिस येथे शर्यतीला सुरुवात करून त्यांना मोटार दुसऱ्या चालकाच्या हाती द्यावी लागली. मोटारीतून उतरताना त्यांचे डोळे पाणावले होते. त्यानंतर आठवडाभराने वॉटकिन्स ग्लेन येथे त्यांनी सर्वांत वेगवान पात्रता फेरी नोंदविली आणि शर्यतीत सहावा क्रमांक मिळविला.

डेटोना ५०० मधील प्रतीक्षा

डेटोनाच्या ट्रॅकवर निरनिराळ्या प्रकारच्या मिळून ३४ शर्यती जिंकणाऱ्या अर्नहार्ट यांना तेथील मुख्य शर्यत मात्र दीर्घकाळ हुलकावणी देत राहिली. १९९० मध्ये अखेरच्या फेरीत ते आघाडीवर असताना तिसऱ्या वळणावर त्यांच्या मोटारीचे टायर फुटले आणि डेरिक कोप विजयी झाले. अशा अपयशांमुळे दर वर्षीच्या फेब्रुवारीत चाहत्यांची आशा आणि धास्ती दोन्ही वाढत असे.

१५ फेब्रुवारी, १९९८ रोजी विसाव्या प्रयत्नात त्यांनी ही शर्यत जिंकली. आदल्या दिवशी चाकाच्या खुर्चीतील एका लहान मुलीने त्यांना शुभशकुन म्हणून एक सेंटचे नाणे दिले होते. ते त्यांनी मोटारीच्या डॅशबोर्डला चिकटवून ठेवले होते. विजयानंतर त्यांची मोटार पिटच्या रस्त्याने जाऊ लागली, तेव्हा सर्व संघांचे कर्मचारी त्यांच्याशी हस्तांदोलन करण्यासाठी रांगेत उभे राहिले. त्यांत वर्षानुवर्षे त्यांच्या मोटारीच्या धडका सोसलेले संघही होते.

शैली आणि टीका

पुढच्या मोटारीला मागून हलका धक्का देऊन तिचा तोल बिघडवायचा आणि त्या क्षणी पुढे निघून जायचे, हे तंत्र अर्नहार्ट यांच्या नावाशी जोडले गेले. १९८६ मध्ये रिचमंड येथे अखेरच्या फेऱ्यांत त्यांनी डॅरेल वॉल्ट्रिप यांना धडक दिली. त्यात आघाडीच्या अनेक मोटारी सापडल्या आणि नॅसकारने त्यांना दंड केला. ऑगस्ट १९९९ मध्ये ब्रिस्टल येथे त्यांच्या धक्क्याने टेरी लाबोंटी यांची मोटार अखेरच्या फेरीत गरकन फिरली आणि अर्नहार्ट जिंकले. आपल्याला त्यांना केवळ हादरवायचे होते, फिरवायचे नव्हते, असा खुलासा त्यांनी केला. मात्र प्रेक्षकांनी त्या रात्री त्यांची मोठ्या प्रमाणावर हुर्यो उडविली.

टीकाकारांच्या मते ही दांडगाई होती आणि इतक्या वेगात ती इतरांच्या जिवावर बेतू शकत होती. समर्थकांच्या मते स्टॉक कार शर्यतीची मूळ प्रकृतीच ही होती. स्वतः अर्नहार्ट यांनी आपली शैली कधी बदलली नाही.

या कठोर प्रतिमेला छेद देणारे प्रसंगही नोंदले गेले आहेत. जुलै १९९३ मध्ये चालक डेव्ही ॲलिसन यांचा हेलिकॉप्टर अपघातात मृत्यू झाला. काही दिवसांनी पोकोनो येथे जिंकल्यावर अर्नहार्ट यांनी ॲलिसन यांच्या २८ क्रमांकाचा ध्वज हाती घेऊन ट्रॅकला उलट दिशेने फेरी मारली. अशी उलटी फेरी ही त्याच वर्षी विमान अपघातात मरण पावलेल्या ॲलन कुलविकी यांची पद्धत होती.

चाहतावर्ग

अर्नहार्ट यांच्या चाहत्यांमध्ये दक्षिणेकडील गिरण्या, कारखाने आणि शेतीत राबणाऱ्या कष्टकऱ्यांचा मोठा वाटा होता. गिरणीच्या गावातून आलेला, शाळा सोडलेला, कर्ज काढून मोटार उभी करणारा हा माणूस त्यांना आपल्यातलाच वाटे. प्रसिद्धी आणि संपत्ती मिळाल्यावरही अर्नहार्ट आपल्या गावाजवळच राहिले. शिकार, मासेमारी आणि शेतीची कामे हे त्यांचे विरंगुळे होते.

स्टॉक कारच्या निष्ठावान प्रेक्षकांसाठी शर्यत ही दोन-तीन दिवसांची यात्राच असते. अनेक जण ट्रॅकच्या मधल्या मोकळ्या जागेत मुक्कामाच्या गाड्या लावून राहतात आणि चालक व संघ यांच्यातील बिनतारी संभाषण कानाला यंत्र लावून ऐकतात. चालकाची निवड पुष्कळदा घरातून चालत आलेली असते. अर्नहार्ट यांचे चाहते काळे जाकीट व टोपी आणि पिकअप गाडीच्या मागील काचेवरचा तिरपा ३ हा आकडा यांवरून लांबूनही ओळखू येत.

१९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात जन्मलेले तरुण जेफ गॉर्डन पुढे आल्यावर प्रेक्षकांमध्ये दोन तट पडले. अर्नहार्ट त्यांना चिडवून ‘वंडर बॉय’ म्हणत. मैदानाबाहेर मात्र दोघांचे संबंध चांगले होते.

चालकांच्या ओळखीच्या वेळी अर्नहार्ट यांचे नाव पुकारले की जयघोष आणि हुर्यो एकाच वेळी उठत. मतदानाने दिला जाणारा सर्वाधिक लोकप्रिय चालक हा पुरस्कार त्यांना हयातीत एकदाही मिळाला नाही. बहुतेक वर्षी तो सौम्य स्वभावाच्या बिल एलियट यांना मिळत असे. अर्नहार्ट यांना हा पुरस्कार २००१ मध्ये, मरणोत्तर मिळाला.

चाहत्यांच्या आठवणीत विशेष स्थान असलेली शर्यत म्हणजे १५ ऑक्टोबर, २००० रोजीची टॅलाडेगा येथील विन्स्टन ५००. शेवटच्या सुमारे पाच फेऱ्या उरल्या असताना ते १८ व्या स्थानी होते आणि तेथून त्यांनी पहिला क्रमांक गाठला. हा त्यांचा ७६ वा आणि अखेरचा विजय ठरला. वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांनी तो हंगाम गुणतालिकेत दुसऱ्या स्थानी संपविला.

मृत्यू

१८ फेब्रुवारी, २००१ रोजी डेटोना ५०० च्या अखेरच्या फेरीत मायकेल वॉल्ट्रिप पहिल्या आणि डेल ज्युनियर दुसऱ्या स्थानी होते. दोघेही अर्नहार्ट यांच्या मालकीच्या डेल अर्नहार्ट इन्कॉर्पोरेटेड या संघाचे चालक होते. स्वतः अर्नहार्ट चिल्ड्रेस यांच्या मोटारीत तिसऱ्या स्थानी असून मागील मोटारींना अडवून धरत होते. मुलाची आणि मित्राची आघाडी राखण्यासाठी ते तसे करत होते, असे अनेक निरीक्षकांचे मत आहे.

चौथ्या वळणावर स्टर्लिंग मार्लिन यांच्या मोटारीशी स्पर्श होऊन अर्नहार्ट यांची मोटार आधी खाली आणि मग एकदम वर वळली. केन श्रेडर यांच्या मोटारीशी टक्कर होऊन ती ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. काही क्षणांनी वॉल्ट्रिप यांनी ४६३ व्या शर्यतीत आपला पहिला विजय नोंदविला. अपघात फारसा भयंकर न दिसल्याने प्रेक्षकांना गांभीर्याची कल्पना आली नाही. रुग्णालयात सायंकाळी ५ वाजून १६ मिनिटांनी अर्नहार्ट यांना मृत घोषित करण्यात आले. कवटीच्या तळाशी झालेला अस्थिभंग हे मृत्यूचे कारण होते. नॅसकारचे अध्यक्ष माइक हेल्टन यांनी पत्रकार परिषदेत ही बातमी जाहीर केली.

शोक आणि स्मरण

त्याच रात्रीपासून मूर्सव्हिल येथील अर्नहार्ट यांच्या संघाच्या मुख्यालयाबाहेर लोक फुले, टोप्या आणि चिठ्ठ्या ठेवू लागले. २२ फेब्रुवारी रोजी शार्लट येथील कॅल्व्हरी चर्चमध्ये शोकसभा झाली.

काही चाहत्यांचा शोक रागात बदलला. त्यांनी अपघाताला मार्लिन यांना जबाबदार धरून धमक्या दिल्या. डेल ज्युनियर आणि वॉल्ट्रिप यांनी मार्लिन निर्दोष असल्याचे जाहीरपणे सांगितले. शवविच्छेदनाची छायाचित्रे खुली व्हावीत का, यावरही वाद झाला. कुटुंबाने त्याला विरोध केला आणि असंख्य चाहत्यांनी पत्रे लिहून कुटुंबाला पाठिंबा दिला. मार्च २००१ मध्ये फ्लोरिडा राज्याने अशी छायाचित्रे गोपनीय ठेवणारा कायदा केला. माहितीच्या अधिकाराच्या दृष्टीने या कायद्यावर टीकाही झाली.

चिल्ड्रेस यांनी मोटारीचा रंग पांढरा व क्रमांक २९ केला आणि ती तरुण केव्हिन हार्विक यांच्याकडे सोपविली. ११ मार्च, २००१ रोजी अटलांटा येथे, आपल्या तिसऱ्याच शर्यतीत, हार्विक यांनी गॉर्डन यांच्यावर ०.००६ सेकंदाने विजय मिळविला आणि खिडकीबाहेर तीन बोटे उंचावली. त्या हंगामात प्रत्येक शर्यतीच्या तिसऱ्या फेरीत प्रेक्षक उभे राहून तीन बोटे उंचावत. फॉक्स वाहिनीचे समालोचक ती संपूर्ण फेरी मौन पाळत, त्यामुळे तेवढा वेळ केवळ इंजिनांचा आवाज ऐकू येई. हयातीत हुर्यो उडविणारे प्रेक्षकही या स्मरणात सामील होत. ७ जुलै रोजी वडिलांचा मृत्यू झाला त्याच ट्रॅकवर डेल ज्युनियर यांनी पेप्सी ४०० ही शर्यत जिंकली. १५ फेब्रुवारी, २००४ रोजी, वडिलांच्या विजयाला सहा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, त्यांनी डेटोना ५०० ही जिंकली.

सुरक्षाविषयक सुधारणा

२००० साली ॲडम पेटी, केनी अर्विन ज्युनियर आणि टोनी रोपर हे नॅसकारचे तीन चालक अपघातांत मरण पावले होते. मात्र त्यानंतरही डोके व मान यांच्या रक्षणाचे साधन सक्तीचे झाले नव्हते. भिंतीवर आदळल्यावर पट्ट्यांमुळे धड जागीच राहते, पण डोके पुढे फेकले जाते आणि कवटीच्या तळावर प्रचंड ताण येतो. हॅन्स या साधनात खांद्यांवर एक कडक कॉलर बसवून ती हेल्मेटला पट्ट्यांनी जोडलेली असते, त्यामुळे डोके धडाबरोबरच राहते. रॉबर्ट हबार्ड आणि जिम डाउनिंग यांनी हे साधन विकसित केले होते. अर्नहार्ट यांनी ते वापरण्यास नकार दिला होता. चेहरा उघडा राहणारे जुन्या पद्धतीचे हेल्मेटही त्यांनी सोडले नव्हते. त्यांचा हा बेडरपणा चाहत्यांच्या कौतुकाचा विषय होता.

अपघातात डाव्या बाजूचा पट्टा तुटल्याचे आढळल्याने मृत्यूच्या कारणावरून वाद झाला. नॅसकारने ऑगस्ट २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अनेक कारणांचा एकत्रित परिणाम असल्याचे म्हटले. ऑक्टोबर २००१ मध्ये डोके व मान यांच्या रक्षणाचे साधन सक्तीचे करण्यात आले. फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून हॅन्स सक्तीचे झाले. नेब्रास्का विद्यापीठात विकसित झालेली सेफर भिंत २००२ मध्ये प्रथम इंडियानापोलिस येथे बसविण्यात आली. तिच्यात काँक्रीटपुढे पोलादी नळ्या आणि फोमचे ठोकळे असून ते आघाताचा जोर शोषून घेतात. २००३ मध्ये नॅसकारने काँकर्ड येथे संशोधन केंद्र सुरू केले. अर्नहार्ट यांच्यानंतर नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेच्या शर्यतीत एकाही चालकाचा मृत्यू झालेला नाही.

वारसा

२०१० मध्ये नॅसकार हॉल ऑफ फेमच्या पहिल्या पाच मानकऱ्यांत अर्नहार्ट यांचा समावेश झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये डेल ज्युनियर यांनी डेटोना येथील दुय्यम मालिकेची शर्यत वडिलांच्या जुन्या निळ्या-पिवळ्या रंगाच्या, ३ क्रमांकाच्या मोटारीतून जिंकली. २०११ च्या डेटोना ५०० मध्ये मृत्यूला दहा वर्षे झाल्यानिमित्त तिसऱ्या फेरीत पुन्हा मौन पाळण्यात आले.

नॅसकारने ३ हा क्रमांक अधिकृतपणे कधीही निवृत्त केला नाही, तरी २००१ नंतर सर्वोच्च मालिकेत तो बारा हंगाम वापरला गेला नाही. २०१४ मध्ये चिल्ड्रेस यांचे नातू ऑस्टिन डिलन यांनी तो पुन्हा आणला. हा क्रमांक दुसऱ्या कोणाच्या मोटारीवर नको, असे काही चाहत्यांना वाटत होते, तर तो धावताना दिसावा, असे इतरांना वाटत होते. २०१८ मध्ये, अर्नहार्ट यांच्या विजयानंतर वीस वर्षांनी, डिलन यांनी याच क्रमांकाच्या मोटारीतून डेटोना ५०० जिंकली.

कॅनापोलिस येथे अर्नहार्ट यांचा नऊ फूट उंचीचा कांस्य पुतळा असून गावाजवळील राज्य महामार्गालाही ३ हा क्रमांक देण्यात आला आहे. गावातील गिरणी २००३ मध्ये बंद पडली. पुतळ्याला भेट देण्यासाठी चाहते आजही तेथे येतात.